परदेशात फोन: ओटीपी यावा, नेट चालावं आणि बिल फुगू नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

परदेशी जाणारे बहुतेक लोक आधी नेटचा विचार करतात. कुठलं ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) स्वस्त, किती जीबी, कोणी काय घेतलं, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा होते. भारतातल्या नंबरचं काय करायचं, हे चेक-इनच्या रांगेत आठवतं. मग तिथे पोचल्यावर कार्ड चालवायला ओटीपी लागतो आणि तो येत नाही. क्रम उलटा हवा: आधी भारतातला नंबर पक्का करायचा, मग फोन तपासायचा आणि नेट शेवटी विकत घ्यायचं.

कामं मुळात दोनच आहेत. भारतातला नंबर फक्त एसएमएससाठी जागा ठेवायचा, आणि इंटरनेटसाठी दुसरी स्वस्त सोय करायची. बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, म्हणजे तेही नेटमध्येच आलं. एकाच सिमवर सगळं करायला गेलं की पैसे जातात, आणि भारतीय सिम काढून पाकिटात ठेवलं की ओटीपी जातात.

१. आधी ठरवा: किती दिवस आणि कुठे

चार-पाच दिवसांची बँकॉक किंवा सिंगापूरची सहल असेल तर फार डोकं लावू नका. भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्या आणि मोकळे व्हा. ईसिमपेक्षा थोडे जास्त पैसे जातील, पण सगळी जुळवाजुळव वाचेल. कुटुंबात चार फोन असतील तर एकाच फोनवर पॅक घेऊन बाकीच्यांना हॉटस्पॉट देता येतो. मात्र तो फोन ज्याच्या खिशात, त्याच्यामागे सगळ्यांना फिरावं लागतं, हे आधी मान्य करा.

आठवड्यापासून महिन्यापर्यंत ईसिम किंवा तिथलं सिम परवडतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर तिथलं, स्थानिक नंबर असलेलं सिमच घ्या.

सावधान: 'युरोप' असं लिहिलेला प्लॅन घेताना देशांची यादी उघडून वाचा. युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग दर न लागता चालतं, हा नियम जून २०१७ पासून आहे. नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड येत नाही. आणि आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये युंगफ्राऊ किंवा टिटलिस तर असतंच. ब्रिटनही आता त्या नियमाबाहेर आहे. काही कंपन्या हे दोन्ही देश आपणहून प्लॅनमध्ये घालतात, काही घालत नाहीत. यादीत नाव दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

२. भारतातला नंबर पक्का करा: निघण्याआधी किमान पंधरा दिवस

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात.

*रिचार्जची मुदत.* प्रीपेड असेल तर परतीच्या तारखेनंतरही निदान दोन आठवडे मुदत शिल्लक राहील असा रिचार्ज मारा. मुदत संपली की आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग, आणि त्याबरोबर ओटीपीही. महागडा डेटा प्लॅन घ्यायची गरज नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हे प्लॅन खाली कुठेतरी असतात, शोधावे लागतात.

*इंटरनॅशनल रोमिंग.* रिचार्ज मारला म्हणजे रोमिंग सुरू झालं असं नाही. ती वेगळी सेवा आहे आणि ती चालू करावी लागते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन हे काम भारतात असतानाच करा. सेवा सुरू झाल्याचा एसएमएस येईपर्यंत काम झालं असं समजू नका. प्रमुख भारतीय कंपन्यांच्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, म्हणून फक्त ओटीपीसाठी मोठा पॅक लागत नाही. तुमच्या प्रीपेड नंबरवर रोमिंग चालू ठेवायला किमान काय भरावं लागतं आणि ते किती दिवस टिकतं, एवढं अ‍ॅपमध्ये पाहून घ्या.

*सिम बदलायचं असेल तर आत्ताच.* जुनं सिम खराब आहे, किंवा साध्या सिमचं ईसिम करायचं आहे? निघायच्या आदल्या दिवशी अजिबात करू नका. फसवणूक टाळण्यासाठी नवीन सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावरचे एसएमएस बंद ठेवले जातात. शिवाय नंबर ईसिमवर नेल्यावर बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागू शकतात. ती पडताळणी फोनवरून एसएमएस पाठवून होते, आणि परदेशातून हा एसएमएस जातो तेव्हा पैसे कापले जातात किंवा तो जातच नाही. नवा फोन घ्यायचा असेल तर त्यालाही हेच लागू.

*कॉल फॉरवर्डिंग बंद करा.* याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष नसतं. तुम्ही कॉल उचलला नाही तर तो दुसऱ्या नंबरवर वळवायची सोय चालू असेल, तर रोमिंगमध्ये तो कॉल आधी परदेशात येतो आणि मग परत भारतात जातो. न उचललेल्या कॉलचेही पैसे लागतात. भारतात असतानाच ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

*बँक.* बँकेत ईमेल नोंदवलेला आहे ना, ते पाहा. काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात. कार्डाचे परदेशी व्यवहार अ‍ॅपमधून सुरू करा. कार्डामागचा १८०० ने सुरू होणारा नंबर परदेशातून सहसा लागत नाही. बँकेचा परदेशातून लावायचा, +९१ ने सुरू होणारा नंबर वेगळा असतो. तो कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. फोनच हरवला तर फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर काय कामाचा?

इथे थांबून तपासा: मुदत परतीच्या पुढे आहे? रोमिंग सुरू झाल्याचा एसएमएस आला? फॉरवर्डिंग रद्द झालं? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा.

३. फोन तपासा

*#०६# डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दिसतील. त्यांच्यासोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडाही दिसला, तर फोनमध्ये ईसिम चालतं. दिसला नाही तर साधं सिम घ्यावं लागेल आणि त्यासाठी सिमचा दुसरा कप्पा लागेल. काही फोनमध्ये दुसरा कप्पा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. तसं असेल तर मेमरी कार्डावरचे फोटो आधी उतरवून घ्या.

मुलाने किंवा मुलीने अमेरिकेतून पाठवलेला फोन असेल तर दोन गोष्टी नक्की बघा. पहिली, तो तिथल्या कंपनीला लॉक तर नाही ना. लॉक असेल तर दुसरं सिम चालणार नाही. दुसरी, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला चौदाव्या मालिकेपासून सिमचा ट्रेच नाही. त्यात भारतातला नंबरही ईसिम करूनच घालावा लागतो. म्हणजे पुन्हा वरचा २४ तासांचा नियम आला.

उलट, भारतात घेतलेला फोन अमेरिकेला नेताना वेगळीच अडचण येते. तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ अखेरपर्यंत थ्रीजी बंद केलं. आता साधा कॉलसुद्धा फोरजीवरून, म्हणजे व्होल्टेने जातो. आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये व्होल्टे असतं, पण तिथल्या कंपनीच्या मान्य यादीत तो फोन नसेल तर नेट चालतं आणि कॉल लागत नाही, किंवा सिमच सुरू होत नाही. एटी अँड टी याबाबत कडक आहे, टी-मोबाइल त्या मानाने सैल. कंपनीच्या साइटवर आयएमईआय टाकून फोन चालेल की नाही ते कळतं. सिम घ्यायच्या आधी ही दोन मिनिटं द्या.

४. आता नेट विकत घ्या

पर्याय तीन आहेत.

*प्रवासी ईसिम.* यात बहुतेक वेळा फक्त डेटा असतो, तिथला फोन नंबर मिळत नाही. हॉटेल शोधणं, नकाशा, व्हॉट्सअ‍ॅप एवढ्याला पुरतं. टॅक्सीच्या किंवा खाण्याच्या स्थानिक अ‍ॅपला तिथला नंबर लागत असेल तर अडतं. म्हणून अशी अ‍ॅप भारतात असतानाच भारतीय नंबरावर नोंदवून ठेवा. परवान्याच्या प्रश्नावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन परदेशी अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढायला लावली गेली. तेव्हापासून इथून ईसिम घ्यायचं तर भारतात परवाना असलेल्या विक्रेत्याकडून घेणं सोयीचं. ते पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागतात. त्याला घाबरू नका, नियमच तसा आहे.

*तिथलं सिम.* पासपोर्ट दाखवून मिळतं. विमानतळावरच्या काउंटरवर महाग आणि शहरातल्या दुकानात स्वस्त, हे बहुतेक देशांत खरं आहे. तरी रात्री उतरत असाल तर विमानतळावरच घ्या. टॅक्सी शोधताना नेट नसणं जास्त महाग पडतं. सौदीत उमराला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे सिम घेताना बोटांचे ठसे देतात. म्हणून ज्याच्या नावावर सिम घ्यायचं, त्याला दुकानात जावं लागतं.

*भारतीय रोमिंग पॅक.* लहान सहलीला बरा, आणि चीनला जाणाऱ्यांना तर याचाच आधार. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल बंद आहेत. रोमिंगचा डेटा मात्र घरच्या कंपनीमार्फत फिरून येतो, त्यामुळे भारतीय सिमवर ते चालतात. चीनचं स्थानिक सिम घेतलंत तर चालत नाहीत.

सावधान: 'अनलिमिटेड' शब्दाखालची बारीक अक्षरं वाचा. दिवसाला ठरावीक डेटा संपला की वेग इतका उतरतो की नकाशासुद्धा उघडत नाही. साधारण वापराला दिवसाला एक जीबी पुष्कळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या तासाभराच्या व्हॉइस कॉलला ढोबळमानाने तीस-चाळीस एमबी लागतात, व्हिडिओला काहीशे. खरे खादाड वेगळेच असतात: फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट आणि फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ.

५. घरातच सेटिंग लावा

ईसिम घालायला इंटरनेट लागतं, म्हणून ते घरच्या वायफायवर घाला. विक्रेत्याने पाठवलेला क्यूआर कोड त्याच फोनवर आला असेल तर तो त्याच फोनने कसा स्कॅन करणार? दुसऱ्या फोनवर पाठवा किंवा प्रिंट काढा. बहुतेक क्यूआर एकदाच चालतात. ईसिम 'नीट दिसत नाही' म्हणून डिलीट करून पुन्हा घालायला गेलात तर पैसे बुडाले. मुदत घातल्या क्षणी सुरू होते की तिथल्या नेटवर्कला लागल्यावर, हेही वाचून ठेवा.

मग या क्रमाने:

१. दोन्ही सिमना नावं द्या: 'भारत' आणि 'प्रवास'. घाईत उतरताना 'सिम १' आणि 'सिम २' यांत हमखास गोंधळ होतो.

२. 'भारत' सिमचं डेटा रोमिंग बंद करा.

३. 'प्रवास' ईसिमचं डेटा रोमिंग चालू करा. इथे लोक हमखास चुकतात. डेटा रोमिंग म्हणजे बिल, असं मनात पक्कं बसलेलं असतं, म्हणून दोन्हींचं बंद ठेवतात आणि 'ईसिम चालतच नाही' म्हणून विक्रेत्याशी भांडतात. प्रवासी ईसिम स्वतःच बऱ्याचदा दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असतं, त्यामुळे रोमिंग चालू केल्याशिवाय त्यावर डेटा येत नाही.

४. एका सिमचं नेट गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाण्याची सोय बंद करा. आयफोनवर ती 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' नावाने असते, अँड्रॉइडवर 'ऑटोमॅटिक डेटा स्विचिंग'सारख्या नावाने. ही चालू राहिली तर बोगद्यात 'प्रवास'चं नेट गेलं की फोन गुपचूप भारतीय सिमवर जाऊ शकतो. पॅक नसताना दर एमबीला समजा ५ रुपये असले तरी १ जीबीचे पाच हजारांवर होतात.

५. फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅप अपडेट 'फक्त वायफायवर' करा. व्हॉट्सअ‍ॅपमधलं फोटो-व्हिडिओंचं ऑटो डाउनलोड बंद करा.

६. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या.

७. फोनमधले सगळे महत्त्वाचे नंबर +९१ लावून सेव्ह करा. घरच्या लँडलाइनसाठी कोडच्या आधीचा शून्य काढा: पुण्याचा ०२० असेल तर +९१ २०. अधिकचं चिन्ह शून्याचं बटण दाबून धरलं की येतं.

आयफोनवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. नवं सिम घातलं की आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करण्यासाठी फोन स्वतःहून एक परदेशी एसएमएस पाठवतो. रोमिंगमध्ये त्याचे पैसे कापले जातात. ही दोन्ही निघण्याआधी बंद करा किंवा ईमेलवर ठेवा.

६. उतरल्यावर: विमान मोड घाईने काढू नका

विमानाची चाकं टेकताच सगळ्यांचे फोन टिणटिण वाजायला लागतात. तुम्ही दोन मिनिटं थांबा. विमान मोडमध्येच सेटिंग उघडा. मोबाइल डेटा 'प्रवास'वर आहे आणि 'भारत'चं रोमिंग बंद आहे, हे डोळ्यांनी बघा. मगच विमान मोड काढा.

नेटवर्क यायला दोन-पाच मिनिटं लागू शकतात. डेटा आला नाही तर या क्रमाने बघा: 'प्रवास'चं डेटा रोमिंग चालू आहे का, फोन बंद करून चालू करा, विक्रेत्याने दिलेलं एपीएन (नेट जोडणीचं नाव, मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये असतं) टाकलंय का, शेवटी नेटवर्क स्वतः निवडा. भारतीय रोमिंग पॅक घेतला असेल तर हा शेवटचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. पॅक ठरावीक भागीदार कंपन्यांवरच लागू असतो. फोन भलत्याच कंपनीला चिकटला तर पॅक असूनही पैसे कापले जाऊ शकतात.

इथे थांबून तपासा: घरच्या कोणालातरी तुमच्या भारतीय नंबरावर साधा एसएमएस पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, एसएमएस. तो आला की ओटीपीचा रस्ता मोकळा आहे. विमानतळावरच कळलं तर काही करता येतं, हॉटेलच्या बिलाच्या वेळी कळलं तर नाही.

७. वापरताना

नवं सिम लागलं की व्हॉट्सअ‍ॅप 'नंबर बदलायचा का' असं विचारू शकतं. उत्तर नाही. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप भारतीय नंबरावरच राहू द्या, नेट कुठल्याही सिमचं असलं तरी चालतं. भारतीय सिम फोनमधून बाहेर काढून ठेवू नका. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपना आदेश दिला की ज्या सिमवर नोंदणी झाली, ते फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं. आधीही सिम काढणं शहाणपणाचं नव्हतं, आता तर नाहीच.

भारतीय नंबरावर कॉल आला तर उचलू नका. तोडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून लावा. निघण्याआधी नातेवाइकांना तसं सांगून ठेवा, नाहीतर 'फोनच उचलत नाही' म्हणून काकू काळजीत.

दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज चालतात, कॉल चालत नाहीत. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप वापरतात, आणि समोरच्याकडेही तेच अ‍ॅप लागतं. भारतात असतानाच आईच्या फोनवर ते घालून एकदा बोलून बघा. व्हीपीएन लावून बंदी चुकवायचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. हा उद्योग तिथल्या सायबर कायद्याच्या कचाट्यात आणू शकतो, आणि त्यातला किमान दंड ५ लाख दिरहम आहे.

सावधान: सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर किंवा विमानात फोन जहाजाचं वा विमानाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो. ते उपग्रहावरून चालतं आणि साधे रोमिंग पॅक त्यावर लागू नसतात. किनारा सुटला की विमान मोड, मग हवं तर जहाजाचं वायफाय.

८. सहा महिन्यांसाठी मुलांकडे जाणारे आई-बाबा

यांची तयारी वेगळी. अमेरिकेत पर्यटक म्हणून गेलेल्यांना साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायला मिळतं, आणि एवढ्या काळात भारतातला नंबर हातचा जायची भीती खरी असते. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असली, तर तो बंद होऊ शकतो. शिल्लक असेल तर २० रुपये कापून आणखी ३० दिवस मिळतात. एवढ्यावर विसंबू नका. त्याने नंबर दुसऱ्याला जायचा वाचेल, पण रिचार्जची मुदत संपली असेल तर ओटीपी येईलच असं नाही. पेन्शनचं खातं, गॅसचं बुकिंग, आधार, डीमॅट सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं.

म्हणून वर्षाचा कॉल-एसएमएस रिचार्ज निघण्याआधीच मारा. महिन्यातून एकदा त्या नंबरावर एसएमएस येतोय का ते बघा. रोमिंगची मुदत वेगळी संपते, तिची तारीख कॅलेंडरवर लिहा. भारतीय कंपनीच्या अ‍ॅपचं लॉगिन मुलाकडे किंवा मुलीकडेही असू द्या. अ‍ॅप ओटीपी मागतं, त्यामुळे नंबर बंद पडल्यावर शिरणं अवघड जातं.

तिथल्या सिमसाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणं. तसं जमत नसेल तर मिंट मोबाइल किंवा टेलोसारख्या, मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर चालणाऱ्या छोट्या कंपन्या स्वस्त पडतात. घरात वायफाय असतंच, तेव्हा मोठा डेटा घेऊन उपयोग नाही. तिथला नंबर मात्र हवाच: फिरायला गेलेले बाबा रस्ता चुकले तर समोरच्या माणसाला तो दाखवता येतो, आणि अडीअडचणीला ९११ लावता येतो. मुलांचा नंबर आणि घराचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगा.

आणि आई-बाबांना एक गोष्ट जाण्याआधीच ठासून सांगा: अमेरिकेत मध्यरात्री भारतातून 'सिम बंद होणार आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो फसवणुकीचाच.

९. परतल्यावर

भारतात उतरल्यावर मोबाइल डेटा पुन्हा 'भारत' सिमवर आणा. नाहीतर फोन संपलेल्या ईसिमवर नेट शोधत बसतो. प्रवासी ईसिम लगेच डिलीट करू नका. त्याच देशात पुन्हा जाणार असाल तर काही ईसिम रिचार्ज होतात. आधी ते फक्त बंद करा. अ‍ॅपमधून इंटरनॅशनल रोमिंग बंद करा, बंद केलेली स्विचिंगची सोय आणि आयमेसेज हवे तर पुन्हा चालू करा, आणि कॉल फॉरवर्डिंग लागत असेल तर नव्याने लावा. पोस्टपेड असेल तर पुढची दोन बिलं ओळीने वाचा. रोमिंगच्या नोंदी कधीकधी उशिरा येतात. चुकीची नोंद दिसली तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे तो क्रमांक लागतोच.